पेंडीभर भाजीचा हिशेब

बेळगावात ताज्या भाजीची अडचण आहे असं कुणाला सांगितलं तर तो हसेल. दक्षिणेला वडगाव, शहापूर, अनगोळचं शिवार. उत्तरेला कडोलीपर्यंत मळे. पहाटे चोर्ला घाटातून भाजीच्या गाड्या गोव्याकडे उतरतात. तिथलं सरकारी फलोत्पादन महामंडळ बेळगावचा माल घेऊन आपल्या गाड्यांवर सवलतीच्या दराने विकतं. म्हणजे पणजीकराला आमचा कोबी सरकारी कृपेने स्वस्त मिळतो, आणि त्या शेतापासून चालत जाण्याच्या अंतरावर यंत्रमागावर राबणाऱ्या घरात आठवड्यातले चार दिवस बटाटा, कांदा आणि आमटी. पैशाचा प्रश्न आहेच, पण वेळेचा त्याहून मोठा. पहाटे शेतातून निघालेली मेथी संध्याकाळी पाळी सुटेपर्यंत मान टाकते.

मी मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली बाई. सासर बेळगाव, माहेर निपाणी. आमच्या गल्लीने एका रिकाम्या प्लॉटवर सामायिक भाजीबाग केली, पुढे निपाणीत माझ्या वहिनीने शेजारणींना घेऊन केली. दोन्हीकडून जे हाताला लागलं ते लिहून ठेवतेय. क्रमांक घातलेत ते एवढ्यासाठीच, की नव्याने येणाऱ्याला "आधी चार नंबर वाच" असं सांगता यावं.

१. आधी कागद, मग कुदळ

बेळगावच्या कुठल्याही उपनगरात फिरा, चार-पाच घरांमागे एक रिकामा प्लॉट दिसतोच. मालक पुण्याला, बेंगळूरला नाहीतर आखातात. प्लॉटवर काँग्रेस गवत आणि प्लास्टिक, पावसाळ्यात साप. भाजीसाठी ही जागा मागितली की मालकाच्या मनात पहिला शब्द येतो तो 'कब्जा'. जमिनीचे भाव बघता त्याला दोष देता येत नाही. म्हणून आम्ही एक साधं पत्र तयार केलं. मुदत अकरा महिने, पुढे दोघांच्या संमतीने वाढ. पक्कं बांधकाम नाही, पत्र्याची शेडसुद्धा नाही. आंबा-नारळ लावायचा नाही. मालकाने महिनाभर आधी कळवलं की जागा मोकळी. बदल्यात प्लॉट स्वच्छ राहील आणि कुणी राडारोडा टाकणार नाही. सही झाली की मालकाचा आवाज बदलतो. आमचे मालक आता गावी आले की पिशवी घेऊनच चक्कर मारतात.

लेआउटमधल्या बागेसाठी राखलेल्या जागेची गोष्ट वेगळी. ती सार्वजनिक, आणि अर्ज कन्नडमध्ये. पलीकडच्या गल्लीतल्या अक्कांनी तो लिहून दिला. त्यांची एकच अट होती: हरिवे सोप्पू लावायचाच. तो म्हणजे आपला माठ, त्यामुळे अट मान्य करायला सभा भरवावी लागली नाही. मराठी-कन्नड भाषेवरून या शहरात काय काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. वाफ्यावर तो विषय निघत नाही असं नाही. निघतो, पण वाकून खुरपताना कुणाला फार वेळ भांडता येत नाही.

इंग्लंडमध्ये १९०८ च्या कायद्यापासून नागरिकांनी मागणी केली तर भाजीसाठी जमीन पुरवण्याची जबाबदारी स्थानिक कौन्सिलवर आहे. एका कुटुंबाच्या तुकड्याचं जुनं माप दहा रॉड, म्हणजे सुमारे २५० चौरस मीटर, आपले अडीच गुंठे. आपल्याकडे असा हक्क नाही. इथे जागा ओळखीवर मिळते आणि मालकाच्या मुलीचं लग्न ठरलं की जाते. हे मनात धरूनच वाफे आखावेत.

२. वरच्या लाल मातीवर भाळू नका

बेळगाव फौंड्रीचं गाव. उद्यमबाग, मच्छे या बाजूला ओतकामाचे कारखाने आहेत. ओतकामात वापरून झालेली काळी वाळू खड्डे बुजवायला, प्लॉट उंच करायला टाकली जाते. वर चार बोटं लाल माती पसरली की खाली काय आहे ते कळत नाही. या वाळूत कोळशाची भुकटी असते, चिकणमाती असते, कधी राळ आणि धातूचे कणही असतात. ज्याचं पान आपण तोडून थेट तव्यावर टाकणार त्याची मुळं तिथे नकोत.

प्लॉटच्या चार कोपऱ्यांत आणि मधोमध हातभर खोल खड्डे घ्या. काळी वाळू, रंगाचे डबे, जुन्या बॅटऱ्यांचे तुकडे असलं काही निघालं तर जमिनीत काही लावू नका. विटांचे उंच वाफे करा आणि माती बाहेरून आणा. ज्यांना विटा परवडत नाहीत त्यांनी खताची रिकामी पोती घ्यावीत. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाची चिपाडं प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून, वर थोडीशी माती घालून गच्चीवर भाज्या-फळं काढून दाखवली होती. चिपाडं आपल्या रसवंतीवाल्याकडे फुकट पडलेली असतात, आणि निपाणीच्या अंगाला तर उसाचं पाचट लोक जाळून टाकतात. वहिनीचे वाफे बरेचसे त्या पाचटावर उभे आहेत.

मातीचंही सांगते. शहराच्या पश्चिम अंगाला लाल जांभ्याची माती, पूर्वेला काळी. लालीत पाणी थांबत नाही, काळीत पावसाळ्यात पाऊल निघत नाही. अर्धी-अर्धी मिसळून तेवढंच कुजलेलं शेणखत घातलं की दोघींची खोड मोडते.

३. नळाचं पाणी बागेला नाही

राकसकोप आणि हिडकल जलाशयांचं पाणी लांबून, खर्चाने येतं. एप्रिल-मे महिन्यांत नळाची वाट बघत बसलेल्या घरासमोर तुम्ही त्याच पाण्याने वाफे भिजवलेत तर बाग तिथेच संपली, माणसं तोडून टाकतील आणि ते बरोबरच असेल. बेळगावला जुन्या विहिरींची देणगी आहे. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली विहीर टिळकवाडीत आजही आहे. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन, पण मला आठवते ती विहीर. १९९० च्या दशकातल्या टंचाईनंतर अशा कितीतरी विहिरी उपसून वापरात आणल्या गेल्या. जवळ अशी विहीर असेल तरच उन्हाळी पालेभाजीचा विचार करावा. नसेल तर फेब्रुवारीअखेर वाफे मोडावेत, वर पालापाचोळ्याचा जाड थर द्यावा आणि मातीला निजू द्यावं.

न्हाणीचं, भांड्यांचं पाणी अळू आणि केळीला चालतं, मेथी-कोथिंबिरीला नाही.

४. जे बाजारातून येताना मरतं तेच लावा

हा मुद्दा मी पहिला लिहिणार होते. बाग काढणाऱ्या उत्साही मंडळींना पहिल्यांदा टोमॅटो, फ्लॉवर, कोबी लावायचा असतो, कारण त्याचा फोटो चांगला येतो. आमच्याकडे एका काकांनी बटाटाही सुचवला होता. बेळगावात, जिथे बटाट्याला तोटा नाही, तिथे बटाटा!

थोडा हिशेब करू. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला किमान ४०० ग्रॅम भाज्या-फळं सांगते, त्यात बटाटा धरत नाहीत. पाच माणसांच्या घराला दिवसाला दोन किलो. तीस घरांच्या गल्लीला साठ किलो. तीन गुंठ्यांच्या प्लॉटवर वाटा आणि पाण्याची पिंपं वगळून वाफ्याखाली येते निम्मी जागा, दीडशे चौरस मीटर. माठ नीट आला तर चौरस मीटरला महिन्यात किलोभर मिळतो. म्हणजे दिवसाला पाच किलो. साठापुढे पाच! सामायिक बागेने गल्लीचं पोट भरेल असं सांगणारा एकतर हिशेब करत नाही किंवा अनुदानाचा अर्ज भरतोय.

पण तेच पाच किलो पालेभाजीचे असतील तर चित्र पालटतं. आठवड्याला पस्तीस किलो, म्हणजे घरटी किलोभराहून जास्त, तीन-चार पेंड्या. ज्या घरात पालेभाजी आठवड्यातून एकदा शिजायची तिथे ती तीनदा शिजते, आणि तोडल्यापासून तासाभरात शिजते. बटाटा, कांदा, कोबी गाडीत आठवडा काढतात, त्यांना बागेत जागा कशाला? आमच्या वाफ्यांत पोकळा, लाल माठ, मेथी, शेपू, चाकवत, आंबट चुका, अंबाडी, कांद्याची पात, कोथिंबीर, कडेला मुळा. बेंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे माठाचे वाण, हिरवा 'अर्का सुगुणा' आणि जांभळा 'अर्का अरुणिमा', पुन्हा पुन्हा कापता येतात. रोप उपटायचं नाही, चार बोटं ठेवून कापायचं.

श्रीपाद दाभोळकरांचं नाव इथे घ्यावंच लागेल. निपाणीहून गारगोटी फार लांब नाही. तिथल्या मौनी विद्यापीठाशी जोडलेल्या या गणिताच्या माणसाने प्रयोग परिवार उभा केला आणि पाच माणसांचं कुटुंब दहा गुंठ्यांत नीट जगू शकतं असं मांडलं. १९८५ चा जमनालाल बजाज पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांचं नाव घेऊन लोक गच्चीवर चार कुंड्या ठेवतात आणि स्वावलंबनाच्या गप्पा मारतात. दाभोळकरांनी दहा गुंठे म्हटलं होतं, चार कुंड्या नव्हे, आणि त्या दहा गुंठ्यांत पानापानाची मोजदाद होती. त्यांच्याकडून घ्यायचं ते हे मोजणं. आमच्या वहीत कुठल्या वाफ्यातून कोणत्या तारखेला किती पेंड्या निघाल्या ते लिहिलेलं असतं. त्या वहीनेच आम्हाला टोमॅटो सोडायला लावला.

असंच हवानाचं. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला, क्यूबाला मिळणारं तेल आणि खत आटलं, आणि हवानाच्या रिकाम्या जागांवर भाजी पिकू लागली. उदाहरण खरं आहे. पण तिथे जमीन सरकारने दिली, काम करणाऱ्यांना मोबदला होता आणि विक्रीची सोय होती. फावल्या वेळात, रविवारच्या श्रमदानावर ते झालेलं नाही. सभेत हवानाचं नाव घेणाऱ्याने हेही सांगावं.

५. जुलैशी भांडू नका

समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवरचं हे गाव, सह्याद्रीच्या अगदी पाठीशी. जुलैत पाऊस लागला की दिवसचे दिवस सूर्य नाही. मेथी पेरली की कुजते, कोथिंबीर पिवळी पडते. त्या दिवसांत मांडवावर दोडका, पडवळ, काकडी, आणि खाली अळू. पालेभाजीचे वाफे गणपतीनंतर. दिवाळी ते शिवरात्र हा खरा हंगाम, त्यात जेवढं काढता येईल तेवढं काढावं.

६. निपाणीसाठी: तंबाखूचा हात धुऊनच रोपाला

माझ्या माहेरी तंबाखू हा धंदा नाही, हवा आहे. वखारीवरून गेलं की नाकात बसते. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांनी निपाणीजवळ महामार्ग अडवला, ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मेले. त्या पिकावर घरं उभी राहिली आणि त्याच पिकावर बायकांचे हात गेले. वखारीत तंबाखू झाडणाऱ्या, घरी विड्या वळणाऱ्या बायका. त्यांच्या ताटात हिरवं काही पडावं म्हणूनच वहिनीने ही बाग काढली.

पहिल्या हंगामात मिरची आणि टोमॅटोची रोपं आखडली. पानांवर फिकट-गडद हिरव्या ठिपक्यांची नक्षी. सगळ्या म्हणाल्या, बोकड्या आला. निंबोळी अर्क मारला, राख टाकली, काही उपयोग नाही. बोकड्या किडीमुळे येतो. इथे कीड दिसतच नव्हती. वहिनीने रोप पिशवीत घालून एका कृषी पदवीधर भाच्याला दाखवलं, तेव्हा उलगडा झाला. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू. तो माशी-माव्यावर अवलंबून नसतो, स्पर्शाने जातो. वाळवलेल्या तंबाखूतही तो वर्षानुवर्षं टिकतो. टोमॅटो, मिरची, वांगं ही तंबाखूचीच भावंडं, एका कुळातली. वखारीतून सुटून थेट वाफ्यावर येणाऱ्या हातांनी रोपं लावली जात होती, शेंडे खुडले जात होते. विषाणू नावाचं काही असतं ही कल्पनाच जगाला याच रोगाने दिली. १८९८ मध्ये बायरिंक या डच शास्त्रज्ञाने तंबाखूच्या रोगट रसावरून ती मांडली. ज्या रोगाने शास्त्राला नवी दिशा दिली तो आमच्या गल्लीत बिनबोभाट नांदत होता.

आता बागेच्या तोंडाशी बादली आणि साबण. हात कोपरापर्यंत धुवायचे, पदर बदलता आला तर बदलायचा. रोपं लावताना काही जणी हात पातळ दुधात बुडवून घेतात. दुधातल्या प्रथिनांनी हा विषाणू निकामी होतो, रोपवाटिकांमध्येही ही युक्ती वापरतात. दूध वाया जातं म्हणून एका आजींनी कुरकुर केली, मग त्यांनीच ताक सुचवलं. ताकाचं माहीत नाही, दुधावर थांबलो. सोपा उपाय मात्र वेगळाच निघाला: मिरची-टोमॅटो कमी करायचे आणि त्या जागी पालेभाजी, दोडका, घेवडा लावायचा. त्यांना हा त्रास जवळजवळ होत नाही.

दुसरं. तंबाखूची भुकटी उकळून ते पाणी फवारायची या भागातली जुनी चाल आहे. मावा मरतो, खरं आहे. पण निकोटीन हे जालीम विष आहे, आणि आपण परवा कापायच्या मेथीवर ते मारतोय. शेतावरच्या कपाशीचा न्याय इथे लावू नये. मावा आला तर साबणाचं पाणी, नाहीतर शेंडा खुडून टाकायचा.

७. वाटा ठरलेला असू दे, नाहीतर भाजीपेक्षा भांडण जास्त पिकतं

कष्ट करणाऱ्याला जास्त की गरज असणाऱ्याला? हा प्रश्न पहिल्याच कापणीला आला. सकाळी वेळ असणारे म्हणजे आमच्यासारखे पेन्शनवाले, ज्यांना भाजी विकत घेणं जड नाही. यंत्रमागावर जाणाऱ्या बायकांना बागेतली पाळी घ्यायला वेळ नाही, आणि भाजी त्यांनाच हवी. नुसत्या कष्टाच्या हिशेबाने वाटलं असतं तर सगळा पोकळा पेन्शनवाल्यांच्या घरी गेला असता.

बऱ्याच कुरबुरीनंतर असं ठरलं. कापणी आठवड्यातून दोनदा, ठरल्या वारी, ठरल्या वेळी, संध्याकाळी पाळी सुटल्यावर. पेंड्या बांधून एका बुट्टीत. अर्ध्या पेंड्या नावाप्रमाणे सगळ्या घरांना सारख्या. उरलेल्या अर्ध्यांतून आधी गरोदर बायका आणि अंगणवाडीच्या वयाची मुलं असलेली घरं, मग त्या आठवड्यात काम केलेले. वही उघडी ठेवायची, कुणीही वाचावी. ज्यांना सकाळी जमत नाही त्यांना रात्रीची कामं: बी निवडणं, पेंड्यांसाठी केळीच्या सोपाचे बंद काढणं, हिशेब लिहिणं. ही कामंही पाळीतच धरायची.

बागेत खुर्ची टाकून सूचना देणारे ज्येष्ठ प्रत्येक गल्लीत असतात. "काय करूलाय ते? असं नाही, तसं." त्यांच्या हाती पाण्याचं वेळापत्रक द्यावं. पाणी वेळेवर मिळतं आणि बाकीचे मोकळे राहतात.

चोरीचं एक. रात्री कोथिंबीर जायची. कुणी तारेचं कुंपण म्हणालं, कुणी कॅमेरा. शेवटी रस्त्याकडेचा लांबट वाफा सगळ्यांसाठी सोडला, तशी पाटी मराठी-कन्नड दोन्हीत लावली. आतल्या वाफ्यांतली चोरी जवळजवळ थांबली. बाहेरच्या वाफ्यातून नेणाऱ्यांपैकी एक जण पुढे पाळीला येऊ लागला.

८. ओला कचरा

मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी कॅन्टीनच्याच उष्ट्या-खरकट्यावर आणि भाजीच्या देठांवर बाग उभी केली. ती उभी राहिली कारण कचरा रोज, एकाच जागी, ठरल्या प्रमाणात मिळत होता. गल्लीत तसं होत नाही. कुणी भात टाकतं, कुणी मटणाची हाडं, मग उंदीर आणि कुत्री. म्हणून आमच्याकडे फक्त कच्चे देठ, साली आणि सुका पाला. नियम एवढाच. तो पाळून घ्यायला मात्र जन्म जातो.

९. शाळेची बाग मे महिन्यात मरते

नोकरीतला हा अनुभव. कर्नाटकात 'अक्षर दासोह' म्हणजे शाळेतलं दुपारचं जेवण, आणि त्याला जोडून परसबागेचा आग्रह. केंद्रानेही २०१९ मध्ये शालेय पोषण बागेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. जूनमध्ये उत्साहात वाफे होतात, ऑगस्टमध्ये पाहुण्यांना दाखवले जातात, दसऱ्याच्या सुट्टीत तण माजतं, आणि एप्रिल-मेमध्ये पाण्यावाचून सगळं वाळतं. पुढच्या जूनमध्ये पुन्हा शून्यापासून. मुलांना यातून शेती कळत नाही, समारंभ कळतो.

शाळेत हंगामी भाजी कमी आणि टिकणारी झाडं जास्त हवीत. शेवगा, कढीपत्ता, पपई, केळ, अळू. शेवग्यात तर आपल्याच जिल्ह्याचा वाण आहे, गोकाकजवळच्या अरभावीच्या उद्यानविद्या महाविद्यालयाने काढलेला 'भाग्य'. एकदा धरला की मे महिन्यात त्याला कुणी विचारलं नाही तरी चालतं. शेंगा सांबारात, पाला आमटीत. पाला लोक विसरतात, आणि खरं पोषण त्यातच आहे. पालेभाजीचे दोन वाफे दिवाळीनंतर घालावेत, मार्चमध्ये संपवावेत. सुट्टीत किल्ली शेजारच्या घरी असावी आणि तिथल्या बाईंनी हवं तेवढं तोडून न्यावं हे लेखी असावं. तोंडी राहिलं की जूनमध्ये चौकशी होते.

१०. गल्लीच्या तोंडाशी विकायला बसू नका

एका हिवाळ्यात माल जास्त आला. गटातल्या तरुणांनी टेबल मांडून स्वस्तात विकायचं ठरवलं. 'विषमुक्त' अशी पाटीही रंगवून झाली. पन्नास पावलांवर वडगावची एक मावशी बुट्टी घेऊन कित्येक वर्षं बसते. तिची मेथी आमच्यापेक्षा पाच रुपयांनी महाग, कारण तिला खंड, बियाणं, रिक्षा सगळं द्यायचं असतं. आमचे कष्ट फुकट, जागा फुकट. असल्या फुकटावर स्वस्ताई करून तिचं गिऱ्हाईक तोडायचं, आणि त्याला सामाजिक काम म्हणायचं?

टेबल उचललं. जादा माल अंगणवाडीत गेला.

११. शहराची मोठी भाजीबाग आधीच आहे, तिच्याकडे बघा

हे मला उशिरा उमजलं असं नाही, पण बागेमुळे ठळक झालं. वडगाव-शहापूर-अनगोळच्या शिवारात पावसाळ्यात भात आणि मग त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा, भाजीपाला. शहराला खेटून असलेली ही काळी जमीन. आमच्या तीन गुंठ्यांची तिच्यापुढे काय कथा? आणि तीच जमीन दोन बाजूंनी आक्रसतेय. एकीकडे हलगा-मच्छे बायपास. शेतकरी वर्षानुवर्षं रस्त्यावर आणि कोर्टात लढले. २०२१ मध्ये पोलीस बंदोबस्तात उभ्या पिकांत यंत्रं घातली गेली तेव्हा बांधावर ज्या बायका आडव्या झाल्या, त्यांच्यातल्या काहींच्या हातची भाजी आपण खातो. दुसरीकडे बळ्ळारी नाला. त्यातून शहराचं सांडपाणी जातं आणि पावसाळ्यात तो फुगला की शेतं पाण्याखाली जातात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर किती दिवस भात पाण्यात होता. आपण घाण करायची, त्याच पाण्यावर त्यांनी भाजी काढायची, आणि मग आपण म्हणायचं की नाल्याकाठची भाजी नको, आम्ही आमची सेंद्रिय पिकवतो. हे मला पटत नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, घाटातल्या गाड्या अडखळल्या, तेव्हा याच शिवारातली भाजी हातगाड्यांवरून गल्लीत आली. ताजी, भरपूर, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने मातीमोल. जवळची भाजी जवळ विकली जाण्याची सोय आपल्याकडे किती कच्ची आहे, ते त्या महिन्यात उघडं पडलं. माल शेतातून घाऊक बाजारात जातो, तिथून पुन्हा शेताशेजारच्याच गल्लीत येतो, आणि या फेरीत पानांतला जीव आणि शेतकऱ्याचे चार पैसे दोन्ही जातात.

म्हणून आता आमच्या गटाच्या बैठकीत अर्धा वेळ वाफ्यांवर जातो आणि अर्धा शिवारावर. नाल्याच्या सफाईचं निवेदन असलं की आमच्याही सह्या असतात. गटातल्या मुलांना मंगाई देवीच्या जत्रेला वडगावला नेतो तेव्हा आधी बांधावरून फिरवतो, मसूर कुठे होता आणि भात कुठे लागलाय ते दाखवतो.

आणि एक व्यवहार सुरू केलाय. पावसाळ्यात आमचे पालेभाजीचे वाफे बंद असतात, मेमध्येही जवळजवळ काही नसतं. त्या महिन्यांसाठी ज्या घरांना जमेल ती थोडे पैसे आगाऊ भरतात आणि ते त्या बुट्टीवाल्या मावशींना जातात. बियाण्याच्या वेळी हाती रोख येतं म्हणून त्या सावकाराकडे जात नाहीत. बदल्यात ठरल्या वारी, पाळी सुटण्याच्या वेळेला त्या गल्लीत येतात आणि ठरल्या दराने पेंड्या देतात. दर दोघांनी मिळून वर्षाच्या सुरुवातीला ठरवायचा. बाजार चढला तरी आम्हाला तोच, पडला तरी त्यांना तोच. जुलैत माल कमी आला तर उरलेल्या पेंड्या दिवाळीनंतर वळत्या करायच्या, असं वहीत लिहिलंय. गेल्या पावसाळ्यात तसं करावंही लागलं, आणि एका काकांनी कुरकुर केली, तेव्हा मावशींनी त्यांना थेट शेतावर बोलावलं. काका गेले. गुडघाभर पाण्यातून परत आले आणि पुढचा हप्ता भरला. यंदा मावशींनी चुका आणि अंबाडीही लावायचं कबूल केलंय, बियाणं आमच्या वाफ्यातलं, आणि अक्कांनी हरिवेची आठवण त्यांनाही करून दिली आहे.